माप चुकले की न्याय चुकतो

मागच्या उन्हाळ्यात गंगाखेड तालुक्यातील एक संशोधक मुलगी माझ्या परभणीच्या ऑफिसात आली. "जय भीम सर" म्हणाली, पिशवीतून जाडजूड शोधप्रबंध काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "एका दुकानदाराला नोटीस द्यायची आहे."

आई-वडील ऊसतोडीला जाणारे. घरातली ही पहिली पदवीधर. विषय मानसशास्त्र. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आणि गावातून ये-जा करणाऱ्या मागासवर्गीय मुलींच्या आत्मसन्मानाचा तिने तुलनात्मक अभ्यास केला होता. दोन वर्षे एस.टी.ने हिंडून तिने प्रश्नावल्या भरून घेतल्या. पुढे आकडेवारीचा प्रश्न आला, तेव्हा "ते बाहेरून करून घ्या" असा सल्ला मिळाला. म्हणून एका मोठ्या शहरातील दुकानात अधिछात्रवृत्तीचे पैसे मोजून तिने तक्ते करून आणले. निष्कर्ष निघाला की दोन्ही गटांत फरक नाही. बहिस्थ परीक्षकांनी मात्र प्रबंध परत पाठवला. शेरा होता : विश्वसनीयतेचा आकडा उणे कसा आला?

मी वकील. मला यातले काय कळणार? पण कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले संख्याशास्त्राचे एक सर माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना बोलावले. चहा संपायच्या आत त्यांना चूक सापडली.

ती चूक वाचकांनीही समजून घ्यावी, कारण ती कोणालाही समजेल अशी आहे. तिने वापरलेली मोजपट्टी मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची, १९६५ सालची. तिच्यात दहा विधाने असतात. पाच स्वतःविषयी चांगले सांगणारी, पाच वाईट सांगणारी. प्रत्येकाला एक ते चार गुण. वाईट विधानांचे गुण मात्र उलटे मोजायचे असतात. दुकानदाराने ते उलटवलेच नाहीत. आता गणित पाहा. स्वतःवर पूर्ण विश्वास असलेली मुलगी पाच चांगल्या विधानांना चार-चार देणार, म्हणजे वीस. पाच वाईट विधानांना एक-एक, म्हणजे पाच. बेरीज पंचवीस. पार खचून गेलेली मुलगी चांगल्या विधानांना एक-एक देणार, म्हणजे पाच. वाईट विधानांना चार-चार, म्हणजे वीस. बेरीज पुन्हा पंचवीस! खरे गुण चाळीस आणि दहा. दुकानाच्या तक्त्यात मात्र ताठ मानेची मुलगी आणि मान खाली घातलेली मुलगी एकाच रांगेत उभ्या राहिल्या. मग फरक दिसणार कुठून?

ही एका मुलीच्या पदवीपुरती गोष्ट नाही. उद्या असा प्रबंध ग्रंथालयात जातो, कोणीतरी त्याचा दाखला देतो आणि वसतिगृहांनी मुलींमध्ये काही फरक पडत नाही, असे शासनाला सांगतो. ज्या वसतिगृहांनी आमच्या दोन पिढ्या उभ्या केल्या, त्यांच्या विरोधात आमच्याच लेकीच्या सहीचा पुरावा!

पुराव्याचे महत्त्व बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी दयेची याचना केली नाही; लोकसंख्येचे आकडे मांडून प्रतिनिधित्वाचा हक्क मागितला. मानसशास्त्राचा पुरावा तर थेट न्यायालयातही गेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ब्राऊन खटल्यात काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाची नोंद निकालपत्राच्या तळटीपेत घेतली. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने बाहुल्या दाखवून मुलांच्या मनावरचा घाव मोजला होता. त्या खटल्यांपैकी दक्षिण कॅरोलिनातील एका खटल्यासाठी तपासलेली मुले होती अवघी सोळा. बाजू न्यायाची होती, तरी टीकाकारांनी नेमके या पद्धतीवर बोट ठेवले. धडा सरळ आहे. आपली बाजू खरी असेल तर आपले माप अधिकच चोख हवे.

आपल्या परभणीला हे वेगळे सांगायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्टेशनसमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढे धरपकड झाली. १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत वस्त्यांमधील लहान मुलांच्या मनावर काय कोरले गेले, हे उद्या एखाद्या आयोगापुढे सांगायचे तर "साहेब, मुले घाबरली" एवढे पुरणार नाही. किती मुले, कोणती, कशाने मोजले, हे उलटतपासणीत विचारले जाईल.

आता विरोधाभास पाहा. मानसशास्त्राचा विद्यार्थी आज ज्या संख्याशास्त्रीय कसोट्या वापरतो, त्यांतील महत्त्वाच्या कसोट्या शेतात जन्मल्या. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती केंद्रात रुजू झाले आणि पिकांच्या प्रयोगांतून त्यांनी प्रचरण विश्लेषणाची पद्धत उभी केली. ज्वारीच्या दोन वाणांतला फरक खरा की जमिनीच्या कसामुळे दिसणारा, हे ज्या रीतीने ठरते, त्याच रीतीने दोन गटांतील मुलींच्या मनातला फरकही ठरतो. हेच फिशर १९३८ साली कलकत्त्यात संख्याशास्त्र परिषदेत म्हणाले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणे; प्रयोग कशाने मेला तेवढे तो सांगू शकेल. अमेरिकेत आयोवाच्या शेती महाविद्यालयात तर १९३३ सालीच संशोधकांना सल्ला देणारी संख्याशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली.

आणि आपल्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे! तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्याला संख्याशास्त्र शिकावेच लागते. भेंडीच्या झाडाला जे मिळते, ते माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्याला का मिळू नये?

मी कायद्याचा माणूस, म्हणून कायद्यातलाच तोडगा सुचवतो. घटनेच्या कलम ३९-अ नुसार गरिबाला मोफत विधी सहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना तो हक्क दिला. वकील नाही म्हणून कोणी खटला हरू नये, हे आपण मान्य केले. मग संख्याशास्त्रज्ञ नाही म्हणून कोणाचे संशोधन का हरावे? विद्यापीठांनी जिल्ह्याच्या ठिकाणी संख्याशास्त्र सहाय्य कक्ष उघडावेत. बार्टीने अधिछात्रवृत्तीसोबत ही मदतही जोडावी.

काही जण म्हणतील, ही तर कॉपी झाली. नाही. वकील अशिलाच्या वतीने बाजू मांडतो, पण त्याची साक्ष देत नाही. पिंजऱ्यात अशिलालाच उभे राहावे लागते. तसेच इथेही. संशोधकाने कक्षात तीनदा जावे. प्रश्नावली वाटण्यापूर्वी : किती मुली, कोणत्या शाळांतून, तुलना कोणाशी? माहिती भरल्यावर : गुण उलटवले का, नोंदी दुबार झाल्या का? आणि शेवटी : या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही? सल्ल्याची लेखी नोंद ठेवावी, सल्लागाराचे नाव प्रबंधात उघड लिहावे. गणकयंत्रावर हात मात्र संशोधकाचाच हवा. 'आर' आणि 'जामोवी' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आणि समजावणे मराठीत व्हावे. चोरी असते ती पावती न देणाऱ्या दुकानात, जिथे काय केले हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

त्या मुलीला मी नोटिशीबद्दल खरे ते सांगितले. दुकानाची पावती नाही आणि "हे काम माझे स्वतःचे आहे" या प्रतिज्ञापत्रावर सही तिची. पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग प्रश्नावल्यांचा गठ्ठा सरांपुढे सरकवून म्हणाली, "मी सगळ्या पुन्हा भरते. फरक नाही निघाला तरी चालेल सर, पण जे निघेल ते माझ्या पोरींचं असलं पाहिजे."

बुद्धाने कालामांना हेच सांगितले होते : कोणी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. शासनाचे कक्ष उघडतील तेव्हा उघडतील. तोवर परभणीतील निवृत्त प्राध्यापकांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. जयंतीच्या वर्गणीतून विहारात दोन संगणक यावेत. तेही होईपर्यंत, माझे ऑफिस रविवारी बंदच असते. टेबल आहे, खुर्च्या आहेत, चहाची टपरी खालीच आहे. सर यायला तयार आहेत.

जय भीम!