दाखला, अनुदान आणि वकिलाची फी : तीस वर्षांचा मागोवा

१९९५ साली संसदेने अपंगांसाठी पहिला स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा प्राधिकरण कायदाही अमलात आला. पहिल्याचा बराच गाजावाजा झाला. दुसऱ्याच्या बाराव्या कलमात मात्र अपंग व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळेल असं लिहिलं होतं, तेही उत्पन्नाची अट न घालता. तीस वर्षं झाली, तरी तालुक्याच्या गावी अपंग मुलाचे आईवडील अजून दबकत विचारतात, ‘वकिलाला किती द्यावे लागतील?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचू नये, याचा मला राग येतो.

सुरुवातीचे प्रश्न दाखल्याचे होते. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाने टक्केवारी किती लिहिली, ४० भरले की नाही, यावर सगळं ठरायचं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यामुळे हिमोफिलिया किंवा थॅलेसेमियाच्या मुलांना त्यात जागाच नव्हती. १९ एप्रिल २०१७ला नवा कायदा लागू झाला आणि प्रकार २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनावरून चार टक्क्यांवर गेलं. जून २०२१पासून दाखला ऑनलाइनच मिळतो. टक्केवारीच्या आकड्याने माणसाची कुवत ठरवण्याची सवय मात्र टिकून राहिली. ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा-भाषा दोष जास्त टक्के आहे म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला जात होता. केवळ आकडा पाहून अपात्र ठरवता येणार नाही, हे सांगायला २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर? पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाला घरी बसवण्यात आलं होतं. तो लढला, आणि २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा माणसाला काढता येत नाही. त्याला दुसरं काम द्या, तेही नसेल तर वेतन चालू ठेवा. हा निकाल आजही किती साहेबांना ठाऊक नसतो!

पैशांचं बोलायचं तर संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३मध्ये हजारावरून दीड हजार झाली आणि २०२५मध्ये राज्याने अपंगांसाठी ती अडीच हजार केली. केंद्राचं अपंग निवृत्तिवेतन २०१२पासून महिना ३०० रुपयांवर अडकलं आहे. ही थट्टा आहे. या अनुदानासाठी तहसील कार्यालयात अर्ज करायला वकील लागत नाही, एजंट तर नाहीच.

वकील लागतो तो पुढे, अपघाताच्या भरपाईत किंवा नोकरीच्या वादात. ‘मिळेल त्यातले वीस टक्के माझे’ हा सौदा गावोगाव चालतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार फी निकालावर ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही मागता येत नाही. अपघातात नवरा गमावलेल्या बी. सुनीता यांच्या प्रकरणात २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं. फी थकली म्हणून वकिलाने कागद अडवून ठेवू नयेत, हा निकाल तर २००० सालचा. तेव्हा वकीलपत्रावर सही करण्याआधी फी लेखी ठरवा आणि दिलेल्या पैशांची पावती घ्या.

मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. सोबत अपंगत्वाचा दाखला जोडावा. फोनवर १५१०० लावला तरी माहिती मिळते. पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करायला फीही लागत नाही आणि वकीलही. मात्र त्यांनी दिलेली शिफारस बंधनकारक नसते. ती मानली नाही, तर खात्याने तीन महिन्यांत कारण कळवायचं असतं. तेही झालं नाही, तर उच्च न्यायालय उरतं. तिथेही विधी सेवा समिती आहे आणि तिचा वकीलही मोफत मिळतो.