ओठांपुरतं पाणी

ड्युटीवर आल्यावर मी आधी पेशंटचं तोंड बघते, फाइल नंतर. जीभ भेगाळलीय का, टाळूला पांढरा थर धरलाय का, ओठांचे कोपरे चिरलेत का. शेवटच्या आठवड्यांत माणूस तोंडानं श्वास घ्यायला लागतो, औषधांनीही लाळ आटते आणि मग बोलणं बंद होतं. घरच्यांना वाटतं, शुद्ध हरपत चालली. पुष्कळदा नुसती जीभ टाळूला चिकटलेली असते. तोंड ओलं केलं की पहिला शब्द बहुधा शिवीच निघते. मला बरं वाटतं.

मी एएनएम, म्हणजे सहायक नर्स. दोन वर्षांचा कोर्स. पहिली अकरा वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, लसीकरणात आणि बाळंतपणांत. नवऱ्याची पुण्यात बदली झाली तेव्हा इथं वीस खाटांच्या हॉस्पिसमध्ये लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथं माणसं मरायलाच येतात ना?" येतात. पण त्याआधी काही दिवस, काही आठवडे इथं राहतात, आणि त्या दिवसांत त्यांना उलट्या होतात, संडासला होत नाही, पाठीला जखमा पडतात. औषध काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, औषधांचा हिशेब माझ्याहून मोठा कोर्स केलेल्या जीएनएम सिस्टर ठेवतात. अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड साफ ठेवणं आणि रात्री दोनला टक्क जागं असलेल्या माणसाजवळ बसणं माझ्याकडे.

लंडनमध्ये सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आजच्या हॉस्पिसची चाल तिथून पडली. बाई मुळात नर्स. पाठीच्या दुखण्यानं नर्सिंग सुटलं, मग इस्पितळात समाजसेविका झाल्या आणि पुढं डॉक्टर. (पाठ आमचीही गेलीय. डॉक्टर व्हायचं तेवढं राहिलं.) आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये निघालं, शांती अवेदना. मराठीत अजून या जागेला धड शब्द नाही. रिक्षावाल्याला मी "कॅन्सरवाल्यांचा आश्रम" म्हणून सांगते.

सॉंडर्सबाईंनी धरून ठेवलेली एक गोष्ट आमच्या भिंतीवरच्या घड्याळात रोज दिसते. मॉर्फीनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, म्हणून दुखायची वाट न बघता ती वेळेवर द्यायची. झोपताना डॉक्टर दुप्पट डोस लिहितात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. सोबत जुलाबाचं औषध, पहिल्या दिवसापासून. नाहीतर दुखणं थांबतं आणि पोट फुगून माणूस रडकुंडीला येतो. नातेवाईक हमखास विचारतात, "सवय लागेल का हो?" महिनाभराचं आयुष्य उरलेल्या माणसाबद्दल विचारतात. मी चिडत नाही, कारण ही भीती नुसती त्यांचीच नव्हती. ज्या अफूतून मॉर्फीन निघतं ती शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकते, तरी १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांना कंटाळून कित्येक इस्पितळांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ मध्ये कायदा सैल झाला. लांबच्या गावाहून आलेले पेशंट तरी अजून सांगतात, गोळी मिळता मिळत नाही.

खरी हुज्जत होते ती जेवणावरून. पहिल्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. एका आजींची लेक रोज डब्यात भाताची पेज आणायची. आजी गुंगीत. लेक रडायला लागली म्हणून मी चमच्यानं पेज भरवली. आजींना ठसका लागला, ओठ निळे पडले. सक्शन लावून कसंबसं निभावलं, पण पुढचे तीन दिवस त्यांची छाती घरघरत होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शरीर मिटत आलं की भूक आधी जाते, गिळणं त्यानंतर. हे मी आता लेकींना, सुनांना खाली बसवून सांगते. पटत नाही. आपल्याकडे माया म्हणजे जेवू घालणं. तेच बंद केलं तर हात रिकामे पडतात. मग मी त्या हातांत गॉज देते. ग्लासभर कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. बोटाला गॉज गुंडाळायचा, आधी गालांच्या आतून, मग हिरड्या, शेवटी जीभ. फार मागं गेलं तर उमळतं. ओठांना व्हॅसलिन. गिळता येत असेल तोवर कोकम सरबताच्या बर्फाचा खडा चोखायला. तो फार आवडतो.

आमचे एक पेशंट, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. शेवटच्या रात्री त्यांचा श्वास थांबायचा, आम्ही मनात वीस-पंचवीस मोजायचो, की पुन्हा भात्यासारखा सुरू. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. अडीचच्या सुमाराला मुलगा गंगेचा गडू घेऊन वॉर्डात उभा. आप्पांच्या आईनं काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला, पन्नास वर्षं देवघरात बसलेला. "सिस्टर, दोन चमचे घालू का?" मी म्हटलं, "घोट नको, दादा. ओठ ओले करू." पण गडू उघडेना. शेवटी ड्रेसिंगच्या ट्रेमधला आर्टरीचा चिमटा लावून आम्ही दोघांनी झाकण उचकटलं. आत जेमतेम चमचाभर पाणी, बाकीचं कधीच उडून गेलेलं.

मी आप्पांना कुशीवर वळवलं, गॉज त्या पाण्यात भिजवून पिळला आणि मुलाच्या बोटाला गुंडाळून दिला. त्यानं ओठ पुसले, मग जीभ. आप्पांचे ओठ बोटाभोवती मिटले आणि चोखल्यासारखे दोनदा हलले. मुलानं बोट कितीतरी वेळ तसंच ठेवलं.

पहाटे पावणेपाचला गेले. डॉक्टर तपासून गेल्यावर मी तोंड पुन्हा साफ केलं आणि वाटीतली कवळी बसवली. जबडा आखडायच्या आत बसवावी लागते, नाहीतर गाल आत जातात आणि घरची माणसं दचकतात. मुलगा लॉकरवरचा गडू हातात घेऊन वाकडं झालेलं झाकण दाबून बघत होता.

"हे परत झाळून मिळेल का हो?"

"तांबट आळीत विचारा," मी म्हटलं, आणि वहीत वेळ लिहायला घेतली.