वराहगृहांचे सांडपाणी

डुकरे पाळणे गोव्याला नवे नाही. परसात दोन-चार डुकरे असत. घरचे खरकटे, पेजेची निवळ आणि मागील दारच्या संडासातील मैला यांवर ती वाढत. त्या पद्धतीचे गोडवे आम्ही गाणार नाही, ती आरोग्यास घातकच होती. मात्र चार डुकरांची घाण माडाच्या आळ्यात जिरून जाई. शंभरांची जिरत नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली राष्ट्रीय पशुधन अभियानाची फेररचना केली, तेव्हा शंभर माद्या व दहा नरांच्या वराहपैदास केंद्रास भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत, साह्य देऊ केले. बेकार तरुणाला गावातच धंदा मिळत असेल तर त्यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण एवढ्या जनावरांच्या शेडमधून रोज निघणारे धुवण जाणार कोठे? असे विचारले की ‘बायोगॅस’ हे ठरलेले उत्तर मिळते.

हे उत्तर अर्धेच आहे. घरगुती सांडपाण्याची प्राणवायूची मागणी लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम असते. डुकरांच्या धुवणाची हजारांत जाते. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यास मर्यादा आहे ती अवघी ३० मिलिग्रॅमची. बायोगॅसच्या टाकीत सेंद्रिय द्रव्याचा बराच भाग कुजून वायू होतो हे खरे; परंतु नत्र व स्फुरद मळीतच राहतात. त्या नत्राचे पुढे नायट्रेट बनते, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक झाले तर तान्ह्या मुलांच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून आधी घट्ट मल वेगळा काढणे, मग टाकी, त्यानंतर पाण्यात हवा खेळवणे, आणि उरलेले पिकाला सोसेल तेवढेच शेतात सोडणे, एवढे सारे करावे लागते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पावसाळ्याचे चार महिने शेत हे पाणी घेत नाही. ते उघड्या खड्ड्यात साठवले तर खड्डा भरून वाहतो, आणि न वाहिला तरी सच्छिद्र जांभ्यातून शेजारच्या विहिरीत उतरतो.

उघड्या तळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात जून १९९५ मध्ये असे एक तळे फुटले आणि सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण न्यू नदीत गेली; मासे मरून तरंगू लागले. २००७ साली तेथे नव्या तळ्यांवर कायमची बंदी आली, जुनी मात्र राहिली. २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळात त्यांतील कित्येक भरून वाहिली. श्रीमंत राज्याची ही कथा!

साह्याचा हप्ता देण्यापूर्वी शेड किती मोठी हे पाहतात, तसे मळी घेण्यास जमीन किती आहे हेही पाहावे. साठवणीची टाकी पक्की व छपराखाली असावी. आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासून त्याचे आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत.