साइज एक, बांधे अनेक

कुर्ता छातीत बसतो, पण नितंबांवर अडकतो. एक साइज मोठा घ्यावा तर खांदे ओघळतात. असं का होतं, हा प्रश्न अनेक वाचक मैत्रिणी विचारतात. यात शरीराचा काही दोष नाही, कपडा बेतण्याच्या हिशेबाचा आहे.

कारखान्यात आधी एका मधल्या मापाचा नमुना बेततात, मॉडेलच्या अंगावर घालून पाहतात आणि त्यातच ठरावीक इंच वाढवत-घटवत बाकीचे साइज काढतात. म्हणजे ‘एस’पासून ‘डबल एक्सएल’पर्यंतचे कपडे या एकाच बाईच्या फोटोच्या लहानमोठ्या प्रती! खरी शरीरं अशी वाढत नाहीत. वजन वाढलं की एकीच्या पोटावर दिसतं, दुसरीच्या मांड्यांवर. खांद्यांची हाडं तर रुंदावतच नाहीत.

याचा मुळातून अभ्यास केला तो अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या रूथ ओब्रायन यांनी. फॅशनच्या इतिहासात त्यांचं नाव क्वचितच येतं, याची मला खंत वाटते. 1939-40 मध्ये त्यांनी आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे 15 हजार स्त्रियांची, प्रत्येकी 59 मापं घेतली. मात्र हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या स्त्रिया. ही त्या कामातली मोठी उणीव. या आकड्यांच्या आधारे 1958 मध्ये सरकारी प्रमाण साइज आले आणि 1983 मध्ये रद्दही झाले. पुढे नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांची मापं तपासली, तेव्हा बारीक कमरेचा डमरू बांधा जेमतेम 8 टक्के निघाला. कपडे मात्र बहुतांशी त्याच बांध्यावर बेतलेले.

आपल्याकडे ‘निफ्ट’ या फॅशन शिक्षणसंस्थेने मुंबईसह सहा शहरांत 25 हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, हे उत्तमच. पण फोनवर माप घेणाऱ्या ॲपच्या जाहिरातींना भुलू नका. बसेल असा कपडा शिवलाच नसेल, तर अचूक माप घेऊन करायचं काय?

उपाय ब्रेसियरच्या दुकानात कधीचाच आहे: आकडा आणि अक्षर असं दुहेरी माप. कुर्त्यालाही छाती आणि नितंब अशी दोन मापं देता येतील. सहा साइज आणि तीन बांधे धरले, तर प्रत्येक रंगाचे 18 नग ठेवावे लागतील. दुकानदार बिचकतो तो इथे. मग निदान शिवणीत इंचभर माया ठेवावी आणि अल्टरची सोय दुकानातच करावी.

तोवर कुर्ता घेताना तो उलटा करून बाजूची शिवण पाहा. माया नसेल, तर दुकानदाराला तसं सांगून तो परत ठेवा.