चरे गेले की झाकले?

माझ्या मामेभावाची गाडी वणीत भाड्याने चालते. वणी-यवतमाळ, कधी नागपूर, लग्नसराईत जिकडे भाडं लागेल तिकडे. रंग गडद निळा. वणीकडच्या रस्त्यांवर कोळशाच्या ट्रकांची रांग असते, त्यामुळे सकाळी पुसलेली गाडी दुपारी परत मळकी. दादाला ती विकून मोठी गाडी घ्यायची होती. बघायला आलेल्या माणसाने उन्हात बोनेट पाहिलं, गोल गोल जाळीसारखे चरे दिसले आणि त्याने भाव पाडला. मी पीएच.डी. करते ती पृष्ठभागांच्या झिजेवर. मग काय, काम माझ्याकडे आलं.

दोन दिवस हाताने पॉलिश केलं, वर वॅक्स लावलं. बोनेट आरशासारखं झालं. आधीचे-नंतरचे फोटो काढले आणि (ही खरी चूक) पुढच्याच आठवड्यात विभागातल्या सेमिनारमध्ये दाखवलेसुद्धा. तीन धुण्यांनंतर दादाचा फोन आला, "काय वं, तुहे चरे त वापस आले! तो माणूस रविवारी येऊन राह्यला, त्याले काय सांगू?"

तर असं का झालं ते बघू. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच, गाडी नसली तरी.

आधी रंग म्हणजे काय ते. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. हा वरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे 100 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जेमतेम अर्धा कागद. चरे बहुतेक याच थरात असतात. पॉलिशमध्ये बारीक अपघर्षक कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. ते चऱ्याच्या काठाभोवतीचा थर थोडा थोडा कापून खाली आणतात. म्हणजे चरा 'भरून' निघत नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन खाली येते. प्रत्येक पॉलिश हा त्या अर्ध्या कागदातून केलेला खर्च आहे. कडांवर आणि घड्यांवर थर आधीच पातळ असतो, म्हणून तिथे आधी मास्किंग टेप लावायची.

चरे पडतात कशाने? दादा कोळशाला दोष देतो. पण कोळसा तसा मऊ. धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोहस् मापनावर कठीणपणा 7. ती बोनेटवर बसलेली असताना कोरडं फडकं फिरवलं की आपणच सँडपेपर चालवतो. दादा रोज सकाळी नेमकं तेच करायचा. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहवून टाकायची, मग हात लावायचा.

आता ती गोल जाळी. सगळ्यांना वाटतं की गोल गोल पुसल्यामुळे चरे गोल पडले. मलाही वाटायचं. पण एक करून बघा: रात्री दिव्याखाली गाडीभोवती चाला. जाळीचा मध्य तुमच्याबरोबर सरकतो! चरे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना पसरलेले असतात. बारीक चरा प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीला आडवा फेकतो, त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे स्पर्शरेषेत आहेत तेवढेच डोळ्यांपर्यंत पोचतात. बाकीचे आहेत, पण दिसत नाहीत. वर्तुळ बोनेटवर नाही, बघण्याच्या मांडणीत आहे. आलेखात सुंदर आकृती उमटली की मी आता आधी विचारते, दिवा हलवला तर ही हलेल का?

आणि परत आलेले चरे? बाजारातल्या बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि भराव घालणारे पदार्थ असतात. ते चऱ्यात बसतात, प्रकाश विखुरत नाही, डोळा फसतो. वर वॅक्स चढवलं की आणखी चकाकी. धुण्याने ते निघून गेलं आणि खालचं सगळं जसंच्या तसं. मी चरे मोजलेच नव्हते, मी चकाकी मोजली होती.

गंमत म्हणजे हाच वाद पॉलिशच्या शास्त्रात दोनशे वर्षांहून जास्त काळ चालला. न्यूटनने 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये म्हटलं की पॉलिश म्हणजे चरे इतके बारीक करणं की ते दिसेनासे व्हावेत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन; चरा त्याहून खूप लहान झाला की आपल्यापुरता संपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्बी म्हणाले, तसं नाही, वरचा थर द्रवासारखा वाहून चरे झाकतो. त्यांचा पुरावा काय? पॉलिश केलेला पृष्ठभाग आम्लाने हलकासा विरघळवला की जुने चरे परत दिसतात. पुढे धातूंच्या बाबतीत लिओनार्ड सॅम्युएल्स यांनी दाखवलं की पॉलिशमध्येही कण मुख्यतः कापतच असतात. बेल्बींचं स्पष्टीकरण मागे पडलं, पण त्यांची तपासणी मला आवडते: चकचकीत दिसतंय ना, मग वरचं काढून बघा.

बोनेटसाठी हीच तपासणी सोपी आहे. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, तेलं निघतात, मग टॉर्च तिरपा धरून बघायचं. हे पॉलिशनंतर आणि वॅक्सच्या आधी. पाण्याचे मोती होतात यावर जाऊ नका. मोती म्हणजे वॅक्सने पृष्ठऊर्जा कमी केली, एवढंच. चरे असलेल्या बोनेटवरही मोती झकास होतात.

शनिवारी परत बसले. गाडी सावलीत, पत्रा थंड. बोनेटच्या मधोमध टेप लावून डावी बाजू तशीच सोडली, कारण तुलनेला काहीतरी हवं. उजवीकडे दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, थोडंसं पॉलिश, सरळ रेषेत हात, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसणं, अल्कोहोल, टॉर्च. पहिल्यांदा एका चौकोनाला दहा मिनिटं दिली होती, आता पाऊण तास लागला. खांदे भरून आले. पण बारीक चरे खरंच गेले. अल्कोहोलने पुसूनही उजवी बाजू स्वच्छ राहिली. संध्याकाळी डावी बाजूही केली, मग कार्नोबा वॅक्सचा पातळ हात. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ऐंशी अंशांच्या वर वितळतं, म्हणून आपल्याकडच्या उन्हातही बरं टिकतं.

नखाला लागणारे तीन चरे मात्र राहिले. ते काढायचे तर क्लिअर कोट फारच पातळ झाला असता. दादाने रविवारी त्या माणसाला तेच तीन चरे आधी बोटाने दाखवले. भाव थोडा उतरला, पण सौदा झाला. सोमवारी मी गाइडना मेल केला की सेमिनारमधले ते दोन फोटो चुकीचे आहेत आणि नवे, अर्ध्या बोनेटचे, सोबत जोडले.