फौंड्रीतली नवी यंत्रे: भट्टीपासून वाळूपर्यंत

लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतायचा आणि तो निवला की साचा फोडून वस्तू बाहेर काढायची, ही ओतकामाची मूळ रीत फारशी बदललेली नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारून लोखंडी नांगर बनवले, तेव्हा ओतकाम याच रीतीने होई. आज कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतींत इंजिनांचे, पंपांचे आणि मोटारींचे भाग ओतले जातात, तेही असेच. बदलली आहेत ती रस तयार करण्याची, वाळू मळण्याची आणि या दोन्हींची पारख करण्याची साधने.

जुन्या फौंड्रीची ओळख म्हणजे क्युपोला. या उभ्या भट्टीत कोक, भंगार, पिग आयर्न आणि चुनखडी थराथराने भरतात आणि खालून हवेचा झोत सोडतात. रस सलग मिळतो, पण धूर होतो आणि कोकमधले गंधक रसात उतरते. इंडक्शन भट्टीत कोक लागतच नाही. मुशीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. त्यातून विजेचा प्रवाह गेला की आतल्या धातूत भोवरी प्रवाह उठतात, आणि त्यांनी धातू आतूनच तापतो. रस आपोआप ढवळलाही जातो, त्यामुळे वरून टाकलेला कार्बन किंवा सिलिकॉन त्यात चांगला मिसळतो. एक टन लोखंड वितळवून १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायला साधारण ५०० ते ६५० युनिट वीज जाते. त्यामुळे साच्यांची वाट पाहत भट्टी नुसती तापत ठेवणे फार महागात पडते.

गंधक कमी झाले म्हणजे सगळे सोपे झाले, असेही नाही. करड्या बिडात ग्राफाइटच्या पाकळ्या नीट तयार होण्यासाठी थोडे गंधक असावे लागते, म्हणून इंडक्शन भट्टीच्या रसाला या पाकळ्या घडायला मदत करणाऱ्या इनॉक्युलंटची मात्रा काळजीपूर्वक द्यावी लागते. दुसरी जोखीम अस्तराची. अस्तर झिजून रस तांब्याच्या नळीपर्यंत पोचला, तर तिच्यातल्या थंडाव्याच्या पाण्याशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. म्हणूनच वीजगळती दाखवणारी सूचक यंत्रणा ही या भट्टीची चैन नव्हे, गरज आहे.

रसाची पारख पूर्वी पाचरीच्या आकाराचा नमुना ओतून, तो फोडून, पांढऱ्या पट्ट्याची खोली पाहून होई. ही परीक्षा अजूनही उपयोगी पडते. तिच्या जोडीला स्पेक्ट्रोमीटर आला आहे. झटपट गोठवलेल्या चकतीवर ठिणगी पाडली की निघणाऱ्या प्रकाशावरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक यांचे प्रमाण मिनिटाभरात कळते, म्हणजे रस ओतण्याआधीच दुरुस्ती करता येते.

नवी फौंड्री उभी राहिली की कौतुक भट्टीचे होते. कास्टिंग बाद होण्याची कारणे तपासू लागले, की मात्र बोट पुष्कळदा वाळूकडे जाते. ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी. पाणी जास्त झाले तर वाफेने ब्लो होल पडतात, कमी झाले तर साच्याच्या कडा ढासळतात. एक टन कास्टिंगमागे कित्येक टन वाळू फिरते आणि तीच पुन्हापुन्हा वापरली जाते. साचा फोडल्यावर ती गरम असते. तशीच मळली तर ओल टिकत नाही आणि वाळू पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याला, चिकटते. म्हणून आधुनिक सँड प्लांटमध्ये लोखंडाचे तुकडे वेचणारे चुंबक, चाळण्या, सँड कूलर आणि वेगाने मळणारा मिक्सर अशी साखळी असते. मुरलेला मोल्डर वाळू मुठीत दाबून ओल ओळखतो. इथे तेच काम ठरावीक दाबाखाली वाळू किती दबते हे मोजणारे यंत्र करते आणि पाण्याची झडप स्वतः उघडते. मर्यादित भांडवल असलेल्या कारखानदाराने आणखी मोठ्या भट्टीआधी या साखळीकडे पाहावे, इतके तिचे महत्त्व आहे.

साचे बनवण्यात मोठी उडी डेन्मार्कमध्ये मारली गेली. तिथले प्राध्यापक वॉन ओगे येप्पेसन यांनी १९५७ मध्ये डिसामॅटिक पद्धतीचे पेटंट घेतले. हिच्यात लोखंडी मोल्डिंग बॉक्सच लागत नाहीत. वाळू दाबून उभे ठोकळे बनतात आणि ते एकामागे एक टेकत सरकतात. लगतच्या दोन ठोकळ्यांच्या मध्ये कास्टिंगची पोकळी तयार होते. पहिल्या यंत्राचा वेग तासाला २४० साच्यांचा होता, पुढे तो पाचशेच्या वर गेला. एकाच नगाची मोठी मागणी असेल तिथे हे यंत्र परवडते. जॉबवर्क करणाऱ्या, रोज पॅटर्न बदलणाऱ्या फौंड्रीला साधी मोल्डिंग यंत्रेच सोयीची पडतात.

पोकळ भागांसाठी लागणारे कोअर आता शूटर यंत्रात बनतात. कोल्ड बॉक्स पद्धतीत राळ मिसळलेली वाळू अमाइन वायूने काही सेकंदांत कडक होते. हा वायू उग्र असल्याने तो धुऊन काढणारा स्क्रबर सोबत लागतो.

साचा बनण्याआधीचे कामही बदलले आहे. रस कुठून शिरेल, कुठे शेवटी गोठेल आणि पोकळी कुठे पडेल, हे संगणकावर आधी पाहता येते. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ऑटोकास्ट हे असेच एक सॉफ्टवेअर. थ्री-डी प्रिंटर तर पॅटर्नशिवाय, थरावर थर चढवत वाळूचा साचाच छापतो. नमुन्यादाखल दोन-चार नग हवे असतील तर तो उत्तम. हजारो नगांसाठी पॅटर्नच स्वस्त.

शेवटचे काम सफाईचे. शॉट ब्लास्टिंग यंत्रातली फिरती चाके पोलादी छर्रे फेकून चिकटलेली वाळू झाडतात, आणि उरलेले काठ ग्राइंडरने, काही ठिकाणी रोबोने, घासले जातात. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, म्हणून साचे फोडण्याच्या जागेपासून फेटलिंगपर्यंत, म्हणजे या सफाईपर्यंत, धूळ खेचणारी यंत्रणा असावीच लागते. वापरून जीर्ण झालेल्या वाळूचे कण घासून किंवा भाजून त्यावरचे बेंटोनाइट आणि राळ काढणारी रिक्लमेशन यंत्रेही आली आहेत. त्यातून निघालेली वाळू पुन्हा साच्यात आणि कोअरमध्ये जाते, त्यामुळे नवी वाळू कमी लागते आणि टाकून द्यायचा ढीगही लहान होतो.