नवा स्पीकर, तापलेले व्हॉल्व्ह

गिटारवाली मंडळी नवा स्पीकर आणतात, व्हॉल्व्हच्या अँपला जोडतात आणि पहिल्याच दिवशी सगळे नॉब दहावर नेतात. अँप पिळला की स्पीकर लवकर मोकळा होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मी ठाण्यात अँप आणि स्पीकर दुरुस्तीचं काम करते. या समजुतीपायी जळालेले स्पीकर माझ्या टेबलावर येतच असतात. समजुतीतला अर्धा भाग खरा आहे, म्हणून ती टिकून आहे. नवा स्पीकर रुळावा लागतो, हे खरंच. पण तो रुळतो कोन हलल्याने. अँप पिळला की कोन हलतो त्यापेक्षा कॉइल जास्त तापते.

रुळतं म्हणजे नक्की काय होतं? गिटारच्या स्पीकरमध्ये कागदाचा कोन असतो. त्याच्या मानेला बारीक तांब्याच्या तारेची कॉइल चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे सरकते. हा कोन दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरच्या कडेला कागदाच्याच चुण्या असतात आणि आत मानेपाशी ‘स्पायडर’ असतो. स्पायडर म्हणजे गोल चुण्या पाडलेलं, रेझिनमध्ये भिजवून कडक केलेलं कापड. नवेपणी हे दोन्ही ताठ असतात. कोन हलत राहिला की रेझिनने आवळलेले धागे थोडे सैल होतात, चुण्या लवू लागतात. बाकी चुंबक तोच, कॉइल तीच.

हा बदल मोजता येतो, आणि मोजून पाहायला मला फार आवडतं. स्पीकरच्या वाटेत एक मोठा रेझिस्टर घालायचा, सिग्नल जनरेटरची फ्रिक्वेन्सी हळूहळू वर न्यायची आणि स्पीकरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मीटरवर बघत राहायचं. एका ठिकाणी काटा उसळी घेतो. ती त्या स्पीकरची स्वतःची फ्रिक्वेन्सी. बारा इंची गिटार स्पीकरमध्ये ती बऱ्याचदा ७५ हर्ट्झच्या आसपास सापडते. काही तास वाजवून पुन्हा मोजलं, की ती उसळी थोडी खाली सरकलेली दिसते. कानाला तेच वेगळ्या रीतीने कळतं: खर्ज भरून येतो आणि वरच्या स्वरांमधला करकरीतपणा उतरतो. बहुतेक फरक सुरुवातीच्या काही तासांतच पडतो. फरक खरा असला तरी फार मोठा नाही. मुळात नावडलेला स्पीकर रुळल्यावर आवडेल, या आशेवर पैसे घालू नका.

आता अँपकडे येऊ. व्हॉल्व्हचा अँप मर्यादेबाहेर नेला की लहरींचे माथे चपटे होतात. गिटारवाल्यांना हवाहवासा वाटणारा तो भरदार, फाटका आवाज यातूनच येतो. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर लंडनमधल्या डेका स्टुडिओत रेकॉर्डिंग करताना एरिक क्लॅप्टनने मार्शलचा अँप स्टुडिओतही कार्यक्रमात वाजवावा तितक्याच मोठ्याने वाजवण्याचा हट्ट धरला. तो आवाज ऐकून एक सबंध पिढी तसं वाजवायला शिकली. मीही त्या आवाजावर जीव टाकते, म्हणून अँप पिळूच नका असं मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न फक्त स्पीकरच्या पहिल्या काही तासांचा आहे.

अँपवर लिहिलेले वॅट हे स्वच्छ आवाजाचे असतात. गोल लहर पुरती चपटी होऊन चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या लहरीत शक्ती दुप्पट भरते. प्रत्यक्षात अँपचं आतलं व्होल्टेज जोर पडताच थोडं ढासळतं, म्हणून पूर्ण दुप्पट होत नाही. पण ३० वॅटचा अँप पुरता पिळला की ३० वर थांबत नाही. जुन्या व्हॉक्स एसी३०मध्ये १५-१५ वॅटचे दोन निळे सेलेस्टियन स्पीकर असायचे, म्हणजे हिशेब अगदी काठावरचा. मार्शलने एका पेटीत चार बारा इंची स्पीकर बसवले, त्यामागेही हेच कारण होतं: त्या काळी एकेक स्पीकर जेमतेम १५-२० वॅट झेलायचा. स्पीकरकडे आलेल्या शक्तीतला काही टक्केच भाग आवाज होऊन बाहेर पडतो, नव्वद टक्क्यांहून जास्त कॉइलमध्ये उष्णता होऊन जिरतो. चपट्या लहरीत ही उष्णता वाढते, कोनाची हालचाल मात्र त्या मानाने वाढत नाही. स्पायडर जेमतेम सैल होतो तोवर कॉइल भाजून निघते.

जळालेला स्पीकर ओळखायला उघडावाही लागत नाही. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर सारखी टेकवून अलगद दाबायचं. चांगला स्पीकर निःशब्द आत जातो. भाजलेल्या कॉइलचा खर्र असा बारीक आवाज येतो, कारण तिचा गोलवा बिघडून ती फटीच्या भिंतीला घासते. नाक जवळ नेलं तर जळक्या वार्निशचा वास येतो. कोन कापून कॉइल बाहेर काढली, की तांब्याचा तेजस्वी रंग जाऊन ती काळीतपकिरी पडलेली आणि मधले एक-दोन वेढे सुटून वर आलेले दिसतात.

मग नवा स्पीकर रुळवायचा कसा? अँप स्वच्छ ठेवा. बेस वर, ट्रेबल थोडा खाली, आवाज खोलीच्या मानाने मोठा, पण फाटू देऊ नका. त्यावर मोकळे कॉर्ड छेडा, जाड तारा भरपूर वाजवा. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, म्हणजे स्पीकरच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीच्या अगदी शेजारी, आणि तिथे कोन थोड्या शक्तीतही मोकळा हलतो. अर्धा तास असं वाजवा, मध्ये थांबा, मग पुन्हा. अँप आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर जोडून अँप पिळण्यात अर्थ नाही. शक्ती त्यातच जिरते आणि स्पीकर होता तिथेच राहतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे, पण तिला सारखेच दोन स्पीकर लागतात. ते समोरासमोर तोंड करून जवळ ठेवा आणि एकाच्या तारा उलट्या जोडा. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, मधली हवा तिथल्या तिथे हलते आणि खर्ज बराचसा मरतो. वरून जाड चादर टाकली की शेजारी तक्रार करत नाहीत. ओहमचा हिशेब मात्र आधी करा: १६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ८ ओहम होतात, आणि अँपच्या मागे ८ चीच जागा निवडायला हवी.

स्पीकर बदलताना अँप बंद ठेवा. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरविना चालवला आणि त्यात गिटार वाजली, तर शक्तीला वाट उरत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते, कधी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशनच फुटतं. अँप उघडू नका हे वेगळं सांगते: बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

कानांचंही बघा. बरेच गिटार स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९८-१०० डेसिबल देतात. ३० वॅटला त्यात १५ डेसिबलची भर पडते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबात ११५ डेसिबलमध्ये कानांना दिवसभरात अर्धा मिनिटही परवानगी नाही. इअरप्लग घाला. तासभर मोठ्याने वाजवल्यावर आवाज मऊ झाल्यासारखा वाटतो, त्यात कानांचा थकवाही मिसळलेला असतो. म्हणून निकाल त्याच संध्याकाळी लावू नका. सकाळी ताज्या कानांनी, मध्यम आवाजात पुन्हा ऐका.

आठवड्याभराने स्पीकरचे स्क्रू तपासा. कडेची पट्टी दबल्याने ते थोडे सैल होतात. आवळताना एकाच बाजूने न आवळता समोरासमोरच्या जोड्या घ्या, आणि हाताला टेकले की थांबा. जास्त जोर लावला तर पत्र्याची चौकट पिळवटते आणि धडधाकट कॉइलही फटीत घासू लागते.